नात्याच्या रकान्यातली रेघ

आधीच सांगून टाकतो, मला तो कायदा पटलेला नव्हता. बाईनं बाईशी लग्न करायचं, बाप्यानं बाप्याशी करायचं आणि सरकारनं त्यावर शिक्का मारायचा, हे माझ्या डोक्यात काही केल्या शिरत नव्हतं. अर्थात मला विचारतंय कोण! सभागृहाच्या मधोमध जे टेबल असतं, तिथे मान खाली घालून बसणाऱ्या लघुलेखकाला मत नसतं. सभासद बोलतील ते लघुलिपीत उतरवायचं, खोलीत येऊन टाइप करायचं, घरी जायचं. चौतीस वर्षं मी तेवढंच केलं. पण ही गोष्ट माझी नाही, आमच्या स्वल्पविरामबाईंची आहे. मी तिच्यात येतो तो फक्त माझ्या भित्रेपणामुळे.

स्वल्पविराम हे नाव त्यांना आमच्या खोलीनं ठेवलं होतं, आणि ते त्यांना माहीतही होतं. झालं असं होतं, की एका मंत्र्यानं स्वतः फोन केला, भाषणातला ‘कदाचित’ तेवढा काढून टाका म्हणून. बाई म्हणाल्या, “तुम्ही म्हणालात ना?” तो म्हणाला, “म्हणालो खरा, पण...” बाई म्हणाल्या, “आणि म्हणून झाल्यावर थांबलातही. म्हणून तिथे स्वल्पविरामसुद्धा आहे.” फोन ठेवला आणि पुढचं पान ओढलं. शब्द घालायचा नाही, शब्द गाळायचा नाही. या एका बाबतीत त्यांनी कुणाच्या बापाची पर्वा केली नाही.

बाई अंगानं किरकोळ, केस कानापर्यंत कापलेले, टेबलावर टोक केलेल्या सहा पेन्सिली एका रांगेत. त्यांच्या चष्म्याची काच मात्र बघण्यासारखी. तिच्यावर कधी बोटाचा डाग दिसला नाही. कारण त्या जिच्याबरोबर राहायच्या, ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. आम्ही तिला चष्मेवालीच म्हणायचो. संध्याकाळी मागच्या फाटकाशी छत्री घेऊन उभी असायची, कडक ऊन असलं तरी. उंच, गोरटेली, मोठ्यानं हसणारी बाई. दोघी एका छत्रीतून जायच्या.

एकदा मी भोचकपणा केला. “बाई, त्या तुमच्या कोण?” म्हणून विचारलं. बाईंनी पेन्सिल कानामागे खोचली आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. आमच्या धंद्यात ऐकू न गेलेल्या शब्दाच्या जागी आडवी रेघ मारतात. अंदाजानं शब्द घालायचा नाही, जागा कोरीही सोडायची नाही. रेघ मारायची आणि पुढे जायचं. त्या दिवशी बाईंनी मला ती रेघच दिली होती, एवढं कळायला मला पुढची बारा वर्षं लागली.

त्या कायद्याची चर्चा दोन खेपांत झाली. पहिल्या खेपेला चष्मेवाली प्रेक्षक कक्षात आली होती. तिसऱ्या रांगेत, खांबाच्या बाजूच्या खुर्चीत दिवसभर बसून होती. कुणी सभासद विरोधात तारस्वरात बोलायला लागला, की चष्मा काढायची, फडक्यानं पुसायची, परत घालायची. खाली टेबलाशी बाई मान वर न करता लिहीत होत्या. त्या दिवसाची त्यांची पानं मी तपासली होती. ज्या भाषणांत त्यांच्यासारख्यांना विकृत म्हटलं होतं, त्यांतसुद्धा एक मात्रा इकडची तिकडे नव्हती.

दोन खेपांच्या मध्ये चष्मेवाली गेली. काय झालं, कसं झालं, बाईंनी काही सांगितलं नाही. तीन दिवस रजा घेतली, चौथ्या दिवशी हजर. काचेवर बोटांचे डाग होते. मी मनाशी म्हटलं, पुसणारी गेली. मला वाईट वाटलं, पण तोंडातून चकार शब्द निघाला नाही.

आता आमच्या कामाची एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्ही दहा दहा मिनिटांच्या पाळ्या लावतो. आपली पाळी सुरू व्हायच्या एक मिनिट आधी जाऊन शेजारच्या खुर्चीत बसायचं आणि लिहायला लागायचं. ते एक मिनिट दोघंही लिहितात, म्हणजे सांध्यात एकही शब्द गळत नाही. मग पहिला उठून जातो. आणि लिहिताना ऐकायचं नाही. म्हणजे कान ऐकतात, हात लिहितो, डोक्यानं मध्ये यायचं नाही. डोकं मध्ये आलं की चूक झालीच म्हणून समजा. बऱ्याचदा खोलीत येऊन वही वाचेपर्यंत आपण काय लिहिलंय हे आपल्यालाही माहीत नसतं.

दुसऱ्या खेपेच्या चौथ्या दिवशी प्रेक्षक कक्ष बंद होता. छताचा गिलावा पडायला आला होता, म्हणून दाराला दोरी बांधून कुलूप घातलं होतं. वर चिटपाखरू नव्हतं. मी बाईंची पाळी घ्यायला गेलो, बसलो, पेन्सिल टेकवली. एक सभासद विरोधात बोलत होता. एकदम थांबला आणि हात वर करून म्हणाला, “ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप चाललाय, त्यांच्यापैकी कोणी आहे का इथे? असेल तर म्हणावं, मी आहे!”

कोणी बोललं नाही. आपल्याच प्रश्नावर खूश होऊन तो इकडेतिकडे बघत राहिला. मला एवढंच आठवतं, की तळव्यांना गार लागलं, पाण्यात पाय सोडल्यासारखं. मग बाई उठल्या, मी लिहीत राहिलो, तो सभासद पुन्हा बोलायला लागला.

खोलीत येऊन वही उघडली आणि माझी पाचावर धारण बसली. त्या गप्प बसण्याच्या जागी पान भरलेलं होतं. अक्षर माझं. वळणं माझी.

समोरच्या टेबलावर बाईंचं टाइप करणं थांबलं होतं. त्या वहीकडे बघत होत्या. मग त्यांनी पुन्हा टाइप करायला घेतलं. टक, टक, एकेक अक्षर. पान काढलं आणि उठून साहेबांच्या खोलीत नेऊन दिलं.

आमचे साहेब म्हणजे नोंदींचे मुख्य संपादक, त्यांची खोली प्रेक्षक कक्षाच्या बरोबर खाली. वयानं माझ्या मुलाएवढे, पण माणूस सरळ. अर्ध्या तासानं त्यांनी मला बोलावलं आणि बाईंचं पान पुढे केलं. त्यावर होतं :

“मी आहे. तिसऱ्या रांगेत, खांबाशी. सव्वीस वर्षं आम्ही एका घरात राहिलो. शेवटच्या दिवशी तिला दाराबाहेर बसवलं. नात्याच्या रकान्यात तिनं रेघ मारली. मी आत वाट बघत होते.”

“काका, बाईंची पाळी तुम्ही घेतलीत,” साहेब म्हणाले. “सांध्याचं मिनिट तुमच्याही वहीत असणार. हे आहे तुमच्याकडे?”

मी ते पान पुन्हा वाचलं. माझ्या वहीत ते शब्दन् शब्द होतं. आणि आणखी एक वाक्य होतं, बाई उठून गेल्यानंतरचं.

“नाही,” मी म्हणालो. “माझ्या वहीत काही नाही.”

का म्हणालो? लोक काय म्हणतील म्हणून. पेन्शनला सात महिने राहिले होते म्हणून. या वयात भूत दिसलं म्हणून सांगायचं, आणि तेही असल्या बाबतीत? शिवाय खरं सांगतो, माझ्या हातानं ते का लिहावं, याचा मला रागही आला होता. मी त्यांच्या बाजूचा नव्हतो. मला कशाला मध्ये ओढता?

वह्यांच्या पानांवर आकडे छापलेले असतात, पान फाडता येत नाही. मी अख्खी वही पिशवीत घातली आणि घरी नेली. चौतीस वर्षांत कार्यालयाची टाचणीसुद्धा घरी नेली नव्हती. बायकोच्या लोकरीच्या डब्यात तळाशी खुपसली.

साहेबांनी बाईंना सोपी वाट दिली होती. “थकवा होता, चुकून लिहिलं गेलं असं म्हणा. पान काढू, विषय संपला.” बाई तयार होईनात. “माझ्या वहीत आहे ते बोललं गेलंय.” मग सभागृहातल्या त्या दिवसाच्या ध्वनिमुद्रणाची टेप लावली. टेपवर अकरा सेकंद शांतता. अकरा सेकंदांत एवढी वाक्यं मावतही नाहीत. प्रकरण वर गेलं. शेवटी असं ठरलं, की पुढच्या महिन्यातल्या एका शुक्रवारी बाईंनी चूक कबूल करायची. नाही केली, तर त्या चर्चेतली त्यांची सगळी पानं बेभरवशाची ठरवून बाजूला काढायची, आणि त्यांना घरी बसवायचं.

मी एकदा धीर करून त्यांच्या टेबलाशी गेलो. म्हटलं, “बाई, द्या ना सोडून. कशाला डोक्याला ताप करून घेता?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे खोल गेले होते.

“भाऊ, दवाखान्यात त्यांनी कागद पुढे केला,” त्या म्हणाल्या. “रुग्णाशी नातं काय, लिहा. बहीण लिहिलं असतं तर आत सोडलं असतं. पण ते खोटं होतं. आणि खरं लिहायचा धीर झाला नाही. हातानं सवयीनं रेघ मारली. ती तिथली बाई म्हणाली, नातं नाही, मग बाहेर थांबा. पाच तास मी बाकावर बसले होते. आतून तिचा खोकला ऐकू यायचा. मग यायचा थांबला.”

त्यांनी रांगेतली एक पेन्सिल सरळ केली.

“हा माझ्यावरचा आरोप आहे, भाऊ. तिनं केलेला. दुसऱ्यांवरचे इतके आरोप लिहिले मी, एकही गाळला नाही. आणि माझ्यावरचा गाळू? नोकरी घेऊ देत. ओळ राहू दे.”

त्यांना वाटत होतं, चष्मेवाली त्यांना दोष देऊन गेली. आणि पुढचं वाक्य माझ्या घरात लोकरीखाली पडलं होतं! तरी मी बोललो नाही. आज स्वतःची लाज वाटते, आणि ती वाटलीच पाहिजे.

पण माझा हात मला सोडेना. सकाळी चहा पिताना पेपरात कोडं सोडवायला पेन्सिल घेतली, की कोड्याच्या कडेला लघुलिपीत तेच वाक्य. दूधवाल्याच्या चिठ्ठीवर तेच. नातवाला घोडा काढून द्यायला बसलो, तर घोड्याच्या पोटात तेच. मी लिहिलं हे मला लिहून झाल्यावर कळायचं. आणि दर वेळी तळव्यांना तसंच गार लागायचं. मी घरातल्या पेन्सिली कपाटात कोंडल्या. मग ते बोटानं टेबलावरच्या धुळीत उमटलं.

बायकोनं ते बघितलं. फडकं हातात तसंच राहिलं.

“अहो, हे काय सारखं गिचमीड करता? परवा आरशाच्या वाफेवर पण हेच होतं.”

“कुठे काय, हाताला सवय असते.”

“मला शेंडी लावू नका,” ती म्हणाली. “आणि लोकरीच्या डब्यातली वही मी बघितली आहे.”

मग मी सगळं सांगितलं. ती हसेल किंवा घाबरेल असं वाटलं होतं. ती स्टुलावर बसली आणि बराच वेळ फडक्याच्या घड्या घालत राहिली.

“तुमच्या ऑपरेशनच्या वेळी मी सरळ आत आले होते,” ती म्हणाली. “हातातला डबा बघून कुणी तरी खुर्चीसुद्धा दिली. मला कुणी विचारलं नाही, तुम्ही कोण म्हणून.”

“ते वेगळं.”

“काय वेगळं?”

मी टेबलावरची धूळ तळहातानं पुसायला लागलो.

“तुम्हाला पटो न पटो, ते राहू द्या बाजूला,” ती म्हणाली. “तिचा निरोप आहे तो. दुसऱ्याचा निरोप दाबून ठेवणारे तुम्ही कोण हो?”

शुक्रवारी मी वही घेऊन गेलो. पिशवी छातीशी धरली होती. साहेबांच्या खोलीत बाई आधीच येऊन बसल्या होत्या, मांडीवर हात, स्वच्छ धुतलेली साडी. कबुलीचा कागद समोर होता, त्यांनी त्याला हात लावलेला नव्हता.

“बरं झालं आलात,” साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा उतरलेला होता. “काल मी ती टेप कानाला लावून पुन्हा ऐकली. आवाज मोठा करून. तुम्ही दोघंही ऐका.”

त्यांनी कळ दाबली. “...असेल तर म्हणावं, मी आहे!” आणि मग ती शांतता. मोठ्या आवाजात शांतता काही गप्प नसते. पंखा ऐकू येत होता. कुणाची तरी खुर्ची करकरली. आणि त्याच्याखाली, अगदी टेबलाजवळ, सरसर, सरसर, कागदावर पेन्सिल चालत होती.

“ही बाईंची,” साहेब म्हणाले. “पण नीट ऐका. पेन्सिली दोन आहेत. सातव्या सेकंदाला एक थांबते. दुसरी चालूच राहते.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “काका, कोणी बोलतच नव्हतं, तर तुम्ही काय लिहीत होतात?”

मी पिशवीतून वही काढली आणि टेबलावर ठेवली. “साहेब, मी खोटं बोललो. बाई, तुमच्याशी जास्त खोटं बोललो.”

बाईंनी वहीकडे नुसतं बघितलं. मी पान उघडलं आणि वाचायला लागलो. मी आहे. तिसऱ्या रांगेत, खांबाशी. सव्वीस वर्षं. दाराबाहेर. रेघ. “मी आत वाट बघत होते.” इथपर्यंत बाई ओठांनी माझ्याबरोबर म्हणत होत्या. इथे त्या थांबल्या, कारण इथे त्यांची पाळी संपली होती.

मी पुढचं वाचलं. “बाहेर बाकाचं करकरणं ऐकू येत होतं, म्हणून कळलं की ती गेली नाही, तिला सांगा की मी रागावले नाही.”

बाईंनी चष्मा काढला. मला वाटलं, रडतील. त्यांनी पदराच्या टोकानं काचा पुसल्या, आधी एक, मग दुसरी, गोल गोल, बराच वेळ, अगदी ती वर बसून पुसायची तशा. चष्मा परत घातला. मग वही ओढून घेतली आणि बोट ठेवून एकेक वळण तपासलं.

“‘तिला सांगा’च्या आधी थांबली होती ती?” त्यांनी मला विचारलं.

“ऐकलं नाही मी, बाई. हातच तेवढा थांबलाय तिथे.”

“मग स्वल्पविराम बरोबर आहे,” त्या म्हणाल्या, आणि मग रडल्या. पाच आठवड्यांचं रडल्या. मीही रडलो. साहेब उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

बऱ्याच वेळानं साहेब वळले. “पण बाई, हे छापता येणार नाही. प्रेक्षक कक्षातल्या माणसाचं बोलणं नोंदीत येत नाही, नियमच आहे.”

“माहीत आहे. तो नियम मीच तुम्हाला शिकवला,” बाई नाक पुसत म्हणाल्या. “बोलणं येत नाही. ‘प्रेक्षक कक्षातून आवाज’ एवढी ओळ कंसात येते. ती घाला. मला तेवढी पुरे.”

साहेबांनी कबुलीचा कागद टराटरा फाडला. मग थोडा विचार करून खणातून दुसरा कागद काढला. कक्षातून कोणी व्यत्यय आणला, की तो भरावा लागतो. दिनांक, वेळ, कुठली खुर्ची, बोलणाऱ्याचं नाव, ओळख पटवणाऱ्याचं नाव. त्यांनी तो बाईंच्या पुढे सरकवला. “ओळ घालायची तर हा लागेल. कक्षाला कुलूप होतं की नव्हतं, ते कागदावर विचारलेलं नाही.”

बाईंनी कानामागे खोचलेली पेन्सिल काढली. वेळ लिहिली. तिसरी रांग, खांबालगतची खुर्ची. चष्मेवालीचं नाव लिहिलं, इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा वाचलं. खाली स्वतःचं. मग शेवटचा रकाना आला : बोलणाऱ्या व्यक्तीशी नातं.

पेन्सिल तिथे टेकली आणि थांबली. माझ्या तळव्यांना गार लागलं. साहेबांनी पाय आखडून घेतले, म्हणजे त्यांनाही लागलं असणार. वर, कुलूप घातलेल्या कक्षात, एक खुर्ची करकरली.

बाईंनी वर बघितलं नाही. त्यांनी ‘पत्नी’ लिहिलं आणि कागद साहेबांकडे दिला.